उंदरांचा बोन मॅरो, रेडिएशन आणि माझी सही: मीटिंगमध्ये काय विचारू?

तलावपाळीकाका | सोमवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

बँकेतून रिटायर होऊन चार वर्षं झाली, राहतो नौपाड्यात. भटक्या जनावरांसाठी काम करणाऱ्या एका ट्रस्टचे हिशोब वीसेक वर्षं फुकट लिहायचो, तिथून कुणीतरी नाव पुढे केलं आणि आता नवी मुंबईतल्या एका संस्थेच्या प्राण्यांच्या एथिक्स कमिटीवर माझी नेमणूक झालीये. संस्थेचं नाव विचारू नका. माझ्या खुर्चीचं नाव काय तर 'सोशली अवेअर' मेंबर. बायको म्हणते, बत्तीस वर्षांत मला जो अवेअरनेस दिसला नाही तो सरकारला बरा दिसला.

पहिल्या मीटिंगला गेलो, सगळे डॉक्टर, प्रोफेसर, मी एकटा कॉमर्सवाला. जाड जाड फॉर्म, पाऊण तासात मीटिंग खलास, सगळ्यांनी माना डोलावल्या मीही डोलावली, सह्या करून मोकळा. परत येताना ट्रेनमध्ये तुर्भे येईपर्यंत डोक्यात आलं की अरे बँकेत असतो तर तीन हजारांच्या व्हाउचरला याच्यापेक्षा जास्त प्रश्न विचारले असते.

आता पुढची मीटिंग आहे आणि त्यात एक विषय आहे उंदरांमध्ये बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा. आधी रेडिएशन देऊन त्यांची प्रतिकारशक्ती संपवायची, मग दुसऱ्या उंदराचा मॅरो द्यायचा. एक गट असा असतो की रेडिएशन द्यायचं आणि पुढे काहीच द्यायचं नाही, त्या रकान्यात लिहिलेलं असतं 'मृत्यू अपेक्षित'. हे वाचल्यावर मी चष्मा काढून ठेवला. प्रतिकारशक्ती आधी मारायचीच कशाला? आणि हा काहीच न देण्याचा गट कशासाठी? सोप्या मराठीत सांगा कुणीतरी, मी विरोध करायला बसलेलो नाही पण आंधळेपणाने सहीही करायची नाहीये.

---

कोपरीचा_कोपरा | रात्री ११:०४

वाचतोय. खुर्ची ताणून बसलोय.

---

चिवट_चिंच | रात्री ११:१०

काका, या कमिट्यांमध्ये गोपनीयतेच्या कागदावर सही घेतात ना? प्रपोजलमधले आकडे, तारखा, औषधांची नावं इथे टाकू नका हं, उगाच अंगाशी येईल.

---

तलावपाळीकाका | रात्री ११:१६

बरं केलंत सांगितलंत. एक आकडा होता तो काढून टाकलाय. ठराविक प्रपोजलबद्दल मी बोलत नाहीच, या प्रकारच्या कामाबद्दल सर्वसाधारण विचारतोय असं समजा.

---

मूषकवाहन | मंगळवार, सकाळी ७:२१

काका, मी आठ वर्षं अॅनिमल हाउसमध्ये काढली, त्यातली पाच याच कामात, आता टेबलावरची नोकरी करतो. लोकलमध्ये टायपतोय तेव्हा शुद्धलेखनाला माफी.

ठाणेकर आहात म्हणजे रिडेव्हलपमेंट तुम्हाला समजावून सांगायला नको. जुनी बिल्डिंग भरलेली आहे, प्रत्येक खोलीत भाडेकरू बसलाय, तुम्ही नवीन माणसं टेम्पोत घालून आणलीत तर ती राहणार कुठे. मॅरोमध्ये मूळ पेशींना (ज्यांच्यापासून सगळं रक्त बनतं त्या स्टेम सेल्स) बसायच्या जागा ठरलेल्या असतात आणि तिथे आधीच यजमानाच्या पेशी बसलेल्या असतात, म्हणून आधी जागा रिकामी करायची. हे झालं एक. दुसरं म्हणजे जुने भाडेकरू गप्प बसत नाहीत, परका दिसला की मारतात, यजमानाची प्रतिकारशक्ती जागी असेल तर बाहेरून आलेला मॅरो थोड्या दिवसांत साफ होतो. आणि तिसरं, जे बहुतेकांना माहीतच नसतं, की नवीन आलेल्यांबरोबर त्यांचे स्वतःचे टी सेल्स, म्हणजे प्रतिकारशक्तीतल्या लढणाऱ्या पेशी, पण येतात आणि ते उलट यजमानावरच तुटून पडतात, कातडी, आतडी, लिव्हर. म्हणजे नवे भाडेकरू येऊन बिल्डिंगच फोडायला लागले. याला ग्राफ्ट व्हर्सस होस्ट म्हणतात. किडनीच्या ट्रान्सप्लांटमध्ये मुख्य भीती एकाच बाजूची, इथे दोन्ही बाजूंनी, म्हणून इथे इम्यून सप्रेशन आधीही लागतं आणि नंतरही.

पण काका, सगळ्या प्रयोगांत हे तिन्ही नसतं, आणि तुमचा पहिला प्रश्न इथेच दडलाय. लॅबचे उंदीर पिढ्यान् पिढ्या भावाबहिणींच्या जोड्या लावून तयार केलेले असतात, एका स्ट्रेनचे म्हणजे एका वाणाचे सगळे जवळजवळ जुळे. देणारा आणि घेणारा एकाच स्ट्रेनचे असले तर नकाराचा प्रश्न नाही, उलट्या हल्ल्याचा पण नाही, रेडिएशन फक्त जागा करायला. मग मॅरो लागला की उंदीर तसा नॉर्मल जगतो, फक्त काळे उंदीर असतील तर काही महिन्यांत त्यांचे केस पिकायला लागतात, आमच्याकडे त्यांना आजोबा म्हणायचे. पण काळ्या उंदराचा मॅरो आणि वर टी सेल्स पांढऱ्या बाल्ब-सी स्ट्रेनच्या उंदराला दिले तर प्रयोगच ग्राफ्ट व्हर्सस होस्टचा आहे, आणि ते आठवडेच्या आठवडे चालणारं दुखणं आहे. फॉर्मवर दोन्हीचं नाव 'बोन मॅरो ट्रान्सप्लांट'च असतं. तेव्हा पहिल्यांदा विचारा, देणारा कोण घेणारा कोण. त्याच्या उत्तरावर बाकीचे निम्मे प्रश्न ठरतील.

ठाणे आलं. उरलेलं संध्याकाळी.

---

कोपरीचा_कोपरा | सकाळी ८:०२

बिल्डर पळून गेला तर काय होतं?

---

मूषकवाहन | सकाळी ८:०५

तोच तर तो 'काहीच न देण्याचा' गट.

---

पामबीचची_फ्लेमिंगो | सकाळी ९:४०

काय सुंदर उपमा आहेत, टाळ्या. बिल्डिंग, भाडेकरू, आजोबा. प्रत्यक्षात एका जिवाला डब्यात कोंबून किरण मारायचे आणि तो तेरा-चौदा दिवसांत कसा मरतो ते वहीत लिहायचं. मी नेरूळला रोज पहाटे साडेपाचला चाळीस कुत्र्यांना खायला घालते, शिव्या खाऊन घालते, त्यामुळे जीव म्हणजे काय ते मला सांगू नका. रेडिएशनने उंदीर मरतो हे कधीचंच कळलंय ना? मग आज खारघर-बेलापूरकडे बसून परत का मारायचे?

---

उगाच_बडबड्या | सकाळी ९:५५

घरात ग्लू ट्रॅप लावणारे आता उंदरांसाठी रडणार. चालू द्या.

---

पामबीचची_फ्लेमिंगो | सकाळी ९:५८

माझ्या घरात ग्लू ट्रॅप नाही. तुमच्यासारख्यांसाठी मात्र मोठ्या साइजचा शोधतेय.

---

जुनाट_पेठकर | दुपारी २:३०

थोडा इतिहास टाकतो, कारण फ्लेमिंगोताईंचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर इतिहासातच आहे.

१९४९ साली शिकागोला जेकबसन नावाच्या माणसाने उंदरांना मारक रेडिएशन दिलं पण त्यांची प्लीहा शिशाने झाकून ठेवली, आणि उंदीर जगले. १९५१ मध्ये एगॉन लॉरेन्झ आणि मंडळींनी प्लीहा झाकली नाही, सरळ दुसऱ्या जनावराचा मॅरो टोचला, तरी जगले. आता गंमत बघा, पुढे काही वर्षं शहाणे लोक असंच धरून चालले होते की मॅरोत काहीतरी रसायन असेल ज्याने जुना मॅरो परत उभा राहतो. पेशीच जाऊन बसतात हे कळलं १९५६ ला, क्रोमोसोमची खूण असलेला मॅरो दिला आणि घेणाऱ्याच्या अंगात तीच खूण सापडली तेव्हा. म्हणजे उंदीर जगला एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही, का जगला ते बघावं लागतं.

१९५८ ला युगोस्लाव्हियात व्हिन्चा इथे अणुभट्टीत अपघात झाला, सहा जणांना रेडिएशन बसलं, त्यांना पॅरिसला नेलं, तिथे जॉर्ज माथेंनी त्यातल्या पाच जणांना परक्या दात्यांचा मॅरो दिला. एक दगावला, बाकीचे घरी गेले, पण परका मॅरो त्यांच्यात कायमचा टिकलाच नाही, त्यांचा स्वतःचा परत आला. त्या काळात माणसांत हे सारखं फसत होतं आणि यावर काम करणारे अमेरिकन डॉक्टर डॉनल थॉमस तेव्हा कुत्र्यांकडे वळले, आधी कूपर्सटाउनला आणि मग सिएटलला. ट्रान्सप्लांटनंतर पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि अकराव्या दिवशी मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) द्यायचं, हे वेळापत्रक कुत्र्यांवर बसवलेलं आहे आणि माणसांत अजून तेच दिवस वापरतात. थॉमसना १९९० ला नोबेल, जोसेफ मरेंबरोबर. आपल्याकडचा पहिला बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ ला टाटा मेमोरियलला परळमध्ये झाला, पुढे २००७ ला ते युनिट खारघरला टाटाच्याच अॅक्ट्रेक केंद्रात गेलं. तेव्हा काका, तुम्ही ज्या ट्रेनने मीटिंगला जाता त्याच ट्रेनने त्याच उपचाराचे पेशंट पण जातात.

अवांतर: अस्थिमज्जा हा शब्द मराठीत वापरला की लोक हसतात. बदलण्यात कसली मज्जा म्हणून. म्हणून मीही मॅरोच म्हणतो.

---

ऐरोलीकर_सात | दुपारी ४:१५

बरेच महिन्यांनी लॉगिन केलं या धाग्यासाठी. मी तो पेशंट.

अॅप्लास्टिक अॅनिमिया, म्हणजे मॅरो रक्त बनवायचंच थांबवतो, भावाबहिणीत मॅच नाही (सख्ख्या भावंडात पूर्ण मॅचचा चान्स २५ टक्के असतो, आमची लॉटरी नाही लागली), शेवटी आईचा अर्धा मॅच घेतला. आधी चार दिवस एटीजी, प्रतिकारशक्ती दाबायचं औषध. सिस्टर बाटली लावताना म्हणाली हे सशाचं आहे. मला वाटलं थट्टा करतेय. खरंच सशाचं असतं, माणसाच्या पेशी सशाला टोचतात, ससा त्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतो, त्या काढून आपल्याला देतात, घोड्याचं पण येतं. थंडी वाजून ताप काय भरला म्हणता, तीन ब्लँकेटं आणि वर आई. आईला नंतर ते सशाचं कळलं तेव्हापासून ती ससा दिसला की हात जोडते. टीव्हीवर दिसला तरी.

मग शेवटच्या दिवशी मशीनखाली थोडं रेडिएशन, दोन ग्रे म्हणाले, ग्रे हे रेडिएशनचं माप. मग आईचा मॅरो. मग तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड. मला तेव्हा अजिबात कळलं नव्हतं की आईच्या पेशी आत्ताच तर दिल्या, लगेच त्यांना मारायचं औषध का देताय. डॉक्टरांना विचारायचा धीर झाला नाही. इथे कुणाला माहीत असेल तर सांगा, सहा वर्षं झाली, अजून डोक्यात आहे.

---

चिवट_चिंच | दुपारी ४:२२

आता तब्येत कशी आहे दादा?

---

ऐरोलीकर_सात | दुपारी ४:३१

मस्त. गोळ्या बंद झाल्या. तेव्हा एकच दुःख होतं, टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबायची गोळी) चालू असताना ग्रेपफ्रूट आणि पपनस बंद, त्याने रक्तातली लेव्हल वाढते म्हणून. ग्रेपफ्रूट कोण खातंय इथे, पण गणपतीत गावी पपनस सोलून समोर ठेवलेलं आणि आपण नुसतं बघायचं. आमच्या काकूला शेवटपर्यंत पटलं नाही की देवाच्या फळाने कसा काय त्रास होईल.

---

मूषकवाहन | रात्री ९:४८

आलो. ऐरोलीकर, तुमच्यापासून सुरुवात करतो.

आईचा अर्धा मॅच म्हणजे तिच्या टी सेल्सना तुमचं अंग अर्धं परकं दिसणार. आत गेल्यावर ज्या टी सेल्सना 'हा परका' असं कळतं त्या भराभर वाढायला लागतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांचा जोर असतो. सायक्लोफॉस्फामाइड वाढणाऱ्या पेशींना गाठतं, ज्या टी सेल्सना तुमच्याशी काही देणंघेणं नाही त्या शांत बसलेल्या असतात म्हणून बऱ्याचशा वाचतात. आणि मूळ पेशींकडे अल्डिहाइड डीहायड्रोजनेज नावाचं एक एन्झाइम भरपूर असतं, ते हे औषध निकामी करतं, म्हणून आईच्या मूळ पेशी सुखरूप. भांडखोर तेवढे गेले, कामाचे राहिले. हे गणित उंदरांत बसवलं गेलं, जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी ते माणसांपर्यंत आणलं. आणि तुमचा तो दोन ग्रे, तो सिएटलच्या कुत्र्यांचा आकडा. आधी त्या कुत्र्यांना नऊच्या वर ग्रे द्यायचे, सगळा मॅरो जाळायला. मग त्यांनी कमी कमी करत आणलं आणि नंतर सायक्लोस्पोरिन, मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जोडीला दिली, तर दोनला मॅरो टिकला, एकवर आणला तर टिकेना. एकावर ज्या कुत्र्यांचा मॅरो गेला त्यांच्यामुळे दोनचा आकडा कळला.

आता फ्लेमिंगोताई. तुमचा राग मला मान्य आहे, मी वाद घालत नाही, फक्त आतलं सांगतो.

रेडिएशन द्यायचं म्हणजे भोकं असलेला एक गोल प्लास्टिकचा डबा असतो, केकचे तुकडे करावेत तसे कप्पे, एका कप्प्यात एक उंदीर. मशीनमध्ये आवाज नाही, उजेड नाही, दुखत काही नाही. बाहेर काढला की उंदीर मिशा साफ करतो. पूर्ण डोस दोन भागांत, मध्ये तीन-चार तास ठेवून देतात म्हणजे आतडी जरा वाचतात. मग देणाऱ्या उंदराच्या मांडीचं आणि नडगीचं हाड काढून दोन्ही टोकं कापायची, इन्शुलिनच्या सुईने आत द्रव सोडायचा, लाल हाड बघता बघता पांढरं होतं, एका उंदराच्या हाडांतून कित्येक घेणाऱ्यांना पुरेल एवढा मॅरो निघतो. शेपटी कोमट पाण्यात धरायची, शीर फुगली की टोचायचं. पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही. खरी परीक्षा साधारण नवव्या दिवसापासून, जुन्या रक्तपेशी संपत आलेल्या, नवीन अजून आलेल्या नाहीत, त्या काळात साध्या पाण्यातले जंतू सुद्धा मारतात. म्हणून पाण्यात अँटिबायोटिक घालतात नाहीतर पाणी आंबट करून देतात. काहीच न दिलेल्या गटातले दहा ते चौदा दिवसांत जातात.

तो गट कशाला, तर डोस खरंच पूर्ण बसला होता याचा पुरावा. डोस कमी पडला असेल तर उंदीर स्वतःच्याच मॅरोवर जगेल आणि आपण आपल्याच पाठीवर थाप मारू. वर पेठकर म्हणाले तेच, का जगला ते बघावं लागतं.

पण, आणि हे काका तुम्ही लिहून घ्या, हा पुरावा दर वेळी नव्याने लागतो का? मशीनमध्ये सीझियम असेल तर त्याचं अर्धं आयुष्य तीस वर्षं, वर्षाला दोन-अडीच टक्के जोर कमी होतो, हिशोब करून वेळ वाढवली की झालं. कोबाल्टचं सव्वापाच वर्षं, ते भराभर उतरतं. मशीन नवीन असेल किंवा स्ट्रेन नवीन असेल तर चाचणी लागते, बाल्ब-सी काळ्यांपेक्षा कमी डोसला जातात. पण त्याच मशीनवर त्याच स्ट्रेनवर शेजारच्या लॅबने सहा महिन्यांपूर्वी हेच केलं असेल तर तो डेटा का वापरत नाही? आमच्याकडे उत्तर असायचं 'रिव्ह्यूअर मागतो', म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणारा. बऱ्याच वेळा रिव्ह्यूअरला कुणी विचारलेलंच नसायचं. आणि दुसरं, आता देणाऱ्याच्या पेशींवर वेगळी खूण असलेले उंदीर मिळतात, शेपटीतून थेंबभर रक्त घेऊन मशीनवर बघता येतं किती टक्के पेशी नवीन आणि किती जुन्या. मरणावरून मोजायची गरज पूर्वीइतकी राहिलेली नाही.

एक गोष्ट सांगतो, कुणाला कधी सांगितली नाही. माझं तिसरं वर्ष. मॅरो दिलेल्या गटातला एक पिंजरा, चार उंदीर, अकराव्या दिवशी सकाळी दोन मेलेले, बाकीचे दोन पाठीला पोक काढून कोपऱ्यात. मी वहीत लिहिलं, ग्राफ्ट लागला नाही. लिहून पिंजरा उचलला तर जड लागला. बाटली बघितली, गळ्यापर्यंत भरलेली. शनिवारी मीच भरली होती, आणि सोमवार उजाडला तरी तेवढीच. नळीच्या टोकाला ती स्टीलची गोळी असते ना, ती अडकली होती. बोट लावून ढकलली तर टक आवाज झाला आणि थेंब आला. उरलेले दोघं त्या थेंबाला असे चिकटले की मला बाटली धरून बसावं लागलं. ते दोघं जगले, त्यांचा मॅरो छान लागला होता. वहीतली ओळ मी खोडली आणि खरं कारण लिहिलं, सर ओरडले, पिंजरा डेटातून काढावा लागला. तेव्हापासून आजतागायत घरातल्या फिल्टरचा नळ पण मी दोनदा दाबून बघतो.

---

पामबीचची_फ्लेमिंगो | रात्री १०:३०

बाटलीचं वाचून पाच मिनिटं काही टाइपच केलं नाही. माझा विरोध आहे तो आहेच. पण खोडून खरं लिहिलंत ते बरं केलंत.

काका, माझा एकच प्रश्न घेऊन जा. शनिवार-रविवार तिथे कोण असतं?

---

गोठ्यातला_डॉक्टर | रात्री ११:२०

शहापूरला सरकारी नोकरीत आहे, गाईम्हशींचा माणूस, पण मध्ये दोन वर्षं अशाच कमिटीवर होतो. फ्लेमिंगोताईंनी बरोबर नस पकडली.

काका, कायद्याने तुमची खुर्ची शोभेची नाही. प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवायच्या १९६० च्या कायद्याखाली प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी एक केंद्रीय समिती आहे, १९९८ च्या नियमांनी प्रयोगांवर देखरेख आली, आणि संस्थेच्या कमिटीत संस्थेबाहेरचे लोक मुद्दाम बसवलेले आहेत, तुम्ही त्यातले एक. उंदीर, ससे यांचं तिथेच ठरतं, कुत्र्यासारखं मोठं जनावर असेल तर वर जातं. म्हणजे उंदरांच्या बाबतीत त्या टेबलाच्या पलीकडे विचारणारं कुणी नाही.

'मृत्यू अपेक्षित' हे शब्द वाचले की मी फॉर्म परत करायचो. मरेपर्यंत वाट बघायची नाही, त्याच्या आधी कुठल्या टप्प्यावर भूल देऊन संपवायचं ते लिहून द्या. बहुतेक ठिकाणी वजन वीस टक्के उतरलं की थांबतात. ग्राफ्ट व्हर्सस होस्ट असेल तर पाच गोष्टींना मार्क देतात, वजन, पाठीचं पोक, हालचाल, केसांची अवस्था, कातडी, प्रत्येकी शून्य ते दोन, दहापैकी. विचारा की किती मार्कांना थांबणार, आणि मार्क देणारा माणूस कोण, दिवसातून किती वेळा. तीन वेळा लिहिलं असेल तर रात्रीची सही कुणाची ते विचारा. आजारी उंदीर मान वर करून जाळीतलं खाणं ओढू शकत नाही, भिजवलेलं खाणं खाली पिंजऱ्यात ठेवणार का तेही विचारा, खर्च शून्य आहे, तरी विसरतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नाही. रेडिएशनची तारीख बघा आणि त्यात नऊ मिळवा, मग चौदा मिळवा. मधले दिवस कुठले आहेत ते कॅलेंडरवर बघा.

---

चिवट_चिंच | रात्री ११:२५

श्रावण चालू आहे. पुढे गणपती.

---

कोपरीचा_कोपरा | रात्री ११:२६

अरे बापरे.

---

तलावपाळीकाका | बुधवार, सकाळी ६:५०

रात्री दोनदा वाचलं. वहीत लिहून घेतलंय, बँकेतली सवय, डाव्या बाजूला प्रश्न, उजवीकडे उत्तराला जागा. मूषकवाहन, तुमचं बाटलीचं मी बायकोला वाचून दाखवलं, ती उठून गॅलरीतल्या पक्ष्यांच्या पाण्याची वाटी बघून आली.

एक शंका. कमी रेडिएशन देऊन किंवा फक्त औषधाने भागत नाही का? पूर्ण डोसच का?

---

मूषकवाहन | सकाळी ७:२५

भागतं कधीकधी. बुसल्फान नावाचं औषध देऊन पण जागा करता येते, प्रतिकारशक्ती मात्र त्याने फारशी दबत नाही म्हणून स्ट्रेन वेगळे असतील तर जोडीला दुसरं काहीतरी लागतं. जन्मतःच टी सेल्स, बी सेल्स नसलेले उंदीर असतात, त्यांना माणसाच्या पेशी द्यायच्या तर दोन-अडीच ग्रे पुरतो, आणि त्यातल्या काही स्ट्रेन्सना जास्त दिलं तर ते मरतातच. तेव्हा 'याहून सौम्य पर्याय का नाही' हा रकाना फॉर्ममध्ये असतो, तिथे 'लागू नाही' लिहिलंय का बघा. असलं तर तिथे बोट ठेवा आणि गप्प बसा. समोरचा आपोआप बोलायला लागतो.

---

उगाच_बडबड्या | सकाळी ९:१५

काल आगाऊपणा केला. ऐरोलीकरांचं वाचलं नव्हतं. माझ्या मेव्हणीच्या मुलाला थॅलेसेमिया आहे, उल्हासनगरला असतात, दर तीन आठवड्यांनी रक्त. ट्रान्सप्लांटचं विचारतायत पण घाबरलेत. ऐरोलीकर, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तर चालेल का?

---

ऐरोलीकर_सात | सकाळी ९:२०

करा की. लहान मुलांमध्ये आणि सख्ख्या भावंडाचा मॅच असेल तर आमच्यापेक्षा सोपं असतं म्हणतात, आधी मॅच तपासून घ्या सगळ्या भावंडांचा. थॅलेसेमियाच्या मुलांसाठी कोल इंडियाच्या पैशातून दहा लाखांपर्यंत मदतीची योजना पण आहे, हॉस्पिटलात विचारा.

---

तलावपाळीकाका | पुढचा सोमवार, रात्री ९:३५

मंडळी, मीटिंग झाली.

काय ठरलं ते सांगता येणार नाही, चिंचताईंनी आधीच बजावलंय. प्रश्न माझे होते, ते सांगायला हरकत नाही. देणारा कोण घेणारा कोण हे विचारल्यावर समोरच्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. शेजारच्या लॅबच्या डेटाचं विचारलं तेव्हा दोघे एकमेकांकडे बघायला लागले. 'मृत्यू अपेक्षित'च्या जागी काय लिहायचं यावर तिथल्या व्हेटरनरी बाई माझ्या बाजूने बोलल्या, बहुतेक त्या खूप दिवस कुणीतरी विचारायची वाट बघत असाव्यात. पाण्याच्या बाटलीबद्दल विचारलं तेव्हा एक प्रोफेसर हसले, मग प्राणी सांभाळणारा मुलगा दारात उभा होता तो म्हणाला, सर गोळी अडकते, खरंय. मग कुणी हसलं नाही.

नेहमी पाऊण तासात संपणारी मीटिंग अडीच तास चालली. चहा दोनदा आला. आणि एवढं सांगतो, भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढून टेबलावर घ्यावं लागलं.

---

पामबीचची_फ्लेमिंगो | रात्री ९:४१

कुठल्या महिन्याचं पान उघडलं होतं?

---

तलावपाळीकाका | रात्री ९:४४

ते सांगता येणार नाही ताई. पान उलटलं मात्र.